संडासाच्या भिंतीवर लग्नचौक

"उचल," शेठ म्हणाला.

मला वाटलं, वॉचमनला सांगतोय. मी वॉचमनकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. तेव्हा कळलं.

"बघते काय? हाताने उचल. वाडी काय तुझ्या बापाची आहे?"

मी चौथीत होते. माझं माहेर डहाणूकडचं, वरोरच्या अलीकडे. शाळेला दोन खोल्या, पुढे झेंड्याचा ओटा, मागे शेठची चिकूवाडी. संडास नव्हता. पोरं भिंतीला जायची. आम्ही पोरी वाडीत जायचो. कुंपणाला भगदाड होतं. गुरुजींना करंगळी दाखवायची, भगदाडातून आत शिरायचं, झाडाआड बसायचं. सगळ्याच जायच्या. सापडले मी. आदल्या दिवशीचं शिळं कालवण खाल्लेलं, पोटात मुरडा, पळायला जमलं नाही. वॉचमननं दंडाला धरून शेठपुढे उभी केली.

शेठनं गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजी आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छ होती, तरी पुसत राहिले. वर्गाच्या खिडकीत पोरांची डोकी. कोणी हसलं नाही, हे खरं. पण बघत सगळे होते.

मी सागाचं पान तोडलं. पानात उचललं. पान फाटकं होतं. तसंच नेलं, रस्ता ओलांडून, खाडीकडे. मागे वॉचमन, मी मधेच टाकून पळू नये म्हणून. टाकून परत आले, हात धुवायला पाणी मागितलं. शेठ म्हणाला, "खाडीत पाणी कमी पडलं का?"

कोणी विचारेल, रडलीस का? नाही रडले. राग आला का? नाही आला. दात काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही. तसं सगळं अंग झालं. माझे पाय चालत होते, मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाही. तिसऱ्याही. गुरुजी घरी आले नाहीत. आई म्हणाली, "बरं झालं, लाकडाला दोन हात वाढले." तिला मी काही सांगितलं नव्हतं. बापालाही नाही. सांगून काय, बाप त्याच वाडीत चिकू उतरवायला जायचा. शाळा सुटली ती सुटली.

लग्न होऊन तलासरीकडे आले. अच्छाडच्या आतल्या बाजूला आमचा पाडा. हायवे इथून ऐकू येतो, दिवसरात्र. पाड्याला जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. तिथं मी खिचडी शिजवते. बरीच वर्षं झाली. त्याच हातांनी. कोणाला माहीत नाही, म्हणून कोणाला काही वाटत नाही.

माझी मुलगी वनिता याच शाळेत सातवीला आहे. मोठ्याला कंपनीत लावला, तो शिकला नाही. ही शिकेल असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी मनात धरलं होतं. सातवी झाली की आश्रमशाळेत घालायची, दहावी करायची. पाड्यात अजून एकाही पोरीची दहावी झालेली नाही. बास, एवढंच धरलं होतं. माझं दुसरं मागणं नाही.

शाळेला संडास होता, नावाला. दार नाही, भांडं फुटलेलं, आत घोरपड राहायची. सरांसाठी ऑफिसच्या मागे वेगळा, त्याला कुलूप. पोरी मागच्या रानात जायच्या. आता रान राहिलंय कुठं? प्लॉट पडले, तारा आल्या, तारांच्या पलीकडे धाबा, धाब्यावर ट्रकवाले. पोरगी बसायला गेली की हे खाटेवरून माना वळवणार. मोठ्या पोरी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मी भात वाढताना बघायची, नुसता भात गिळायच्या, वर घोट नाही.

मग एका कंपनीनं संडास बांधून दिला. खोटं कशाला बोलू, चांगला बांधला. फरशी, नळ, टाकी, कडी आतून लागणारी. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. माझ्या घरात नाही असा संडास. मी फरशीवर हात फिरवून बघितला होता. वनिता म्हणाली, "आये, आरसापण हाय." खूश होती पोरगी. मीपण होते.

मग रंगवायला माणूस आला.

आमच्यातलाच. वारली. चारोटीला हायवेला बसून कपड्यावरची चित्रं विकतो, गाड्या थांबतात, लोक घेतात. मुलांच्या बाजूला त्यानं तारपा वाजवणारा काढला, गोल नाचणारी माणसं काढली. छान काढली. मग मुलींच्या बाजूला आला. दोन दारांच्या मधल्या भिंतीवर चौकोन आखला. कड भरली. जाळी भरली. मी तांदूळ निवडत होते, माझं लक्ष नव्हतं. वर बघितलं तेव्हा मधे पालघट बसली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पालघट आमची देवी. लग्नाला तिचा चौक काढतात. घरात, आतल्या भिंतीवर. सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठानं, धवलेरी बाजूला बसून गात असते. काढून झाला की वर कपडा टाकतात. भगत तिला बोलावतो, तेव्हाच कपडा काढतात. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. माझं तिच्यापुढेच लागलं. आणि इथं ती संडासाच्या भिंतीवर. आत पोरगी बसली की तिची पाठ देवीला. मधे वीटभर भिंत.

मी हातातलं सूप खाली ठेवलं. त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "दादा, हे काय काढलं?"

"चौक पाहिजे म्हणाले, वहिनी. फोटो पाठवला होता मुंबईच्या मॅडमनी. असाच पाहिजे."

"तुला कळत नाय?"

"कळतं ना." तो ब्रश धूत होता. "पण हा चौक नाय. सवाशीण नाय, धवलेरी नाय, पीठ नाय. ऑईलपेंट हाय हा. बोलावलीच नाय, तर देवी येईल कशी? ह्यात कोण नाय."

"मंग पोरींना कोण सांगेल, ह्यात कोण नाय म्हणून?"

त्यानं रंगाचे डबे आवरायला घेतले. पोटासाठी करतो, त्याला तरी किती बोलणार. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी ऑफिसात गेले. आमचे हेडमास्तर डहाणूहून मोटारसायकलवर येतात. त्यांची तिकडे वाडी आहे, भाजीपाला, कलमं. वाईट माणूस नाही म्हणतात. मी दारातच उभी राहिले, आत या म्हणाले नाहीत. म्हटलं, "सर, ती देवी हाय आमची. तिथं नको."

सर हसले. "का? देवीनं तक्रार केली काय तुझ्याकडे?"

शेजारी क्लार्क होता, तोही हसला. मग सर म्हणाले, "अगं, तुमचं चित्र परदेशात जातं. कौतुक करतायत लोक, तर तुमचं आपलं काहीतरी. जा, खिचडी करपेल."

खिचडी करपली नव्हती. चूलच पेटवली नव्हती.

उद्घाटन झालं. गाड्या आल्या. कंपनीचे साहेब, आणि कंपनीसाठी हे सगळं काम बघणाऱ्या त्या मुंबईच्या मॅडम. बोलायला गोड. मला ताई म्हणाल्या. चौकापुढे आम्हाला उभं केलं, मला आणि वनिताला, फोटोला. "ताई, थोडं हसा ना." उभी राहिले. हसलेही असेन. मला काहीच वाटत नव्हतं. पुन्हा तोच गाल.

दुसऱ्या दिवसापासून पोरी आत जाईनात. कोणी सांगितलं नाही, कोणी शिकवलं नाही. लहान पहिलीतली एक गेली, तर मोठीनं तिला हाताला धरून बाहेर ओढली. बास. मुलांच्या संडासात दंगा, पाण्याचा खेळ, नळ सोडून पळणं. आणि पोरींची फरशी कोरी. कडीला तेल तसंच.

महिनाभरानं मॅडम बघायला आल्या. दार उघडलं, आत वाकून बघितलं. म्हणाल्या, "अरे वा, किती क्लीन ठेवलंय!" मग त्यांच्या लक्षात आलं. "वापरत नाहीत का मुली?"

सर तिथंच होते. मी बाजूला, हातात पळी. पोरी पंगतीला बसलेल्या, समोर ताटं. सर म्हणाले, "काय आहे मॅडम, ह्यांना संडास द्या नाहीतर महाल द्या. ह्यांना जंगलच लागतं. रक्तातच आहे ते."

सगळ्यांना ऐकू गेलं. पोरी ताटाकडे बघत होत्या. वनितानं घास तोंडाशी नेलेला, तो खाली ठेवला.

मी बोलले. बोलायचं ठरवलं नव्हतं. "मॅडम, तिथं देवी हाय. म्हणून नाय जात पोरी."

"हो, पण ताई, तुमचीच संस्कृती आहे ना ती? आम्ही तर तुमचा मान केला."

"लग्नातली हाय ती."

"मग छानच की. शुभ." त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "देव सगळीकडे असतो, ताई. आपण थोडं माइंडसेट बदलायला पाहिजे. तुम्हीच समजवा ना मुलींना. तुमचं ऐकतील."

ह्याचं उत्तर मला घरी जाताना वाटेत सुचलं. मॅडम, तुमच्या घरी देव्हारा असेल. उचला, लावा संडासाच्या दाराला, देव सगळीकडेच आहे ना. पण वाटेत सुचून काय फायदा, वाटेत ऐकायला शेळ्या.

सरांनी मग हुकूम काढला. मागे तारेकडे जायचं नाही, कोणी दिसली तर वर्गाबाहेर उभी करणार. शाळेची बदनामी होते म्हणे. म्हणजे पुढे देवी, मागे छडी. पोरींनी करायचं काय? धरून ठेवायचं. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत. मोठ्या पोरींचे चार दिवस असले की त्या येतच नव्हत्या. पटावर गैरहजर. सर म्हणायचे, "ह्यांना शिकायचंच नाही."

वनिताला ताप भरला. लघवीला जळजळ, ओटीपोट दुखायचं. उपकेंद्रातल्या सिस्टरनं गोळ्या दिल्या. म्हणाली, "पाणी पीत जा गं भरपूर. आली की लगेच जायचं, धरून ठेवायचं नाही." वनिता माझ्याकडे बघत होती. मी सिस्टरकडे.

ताप उतरला. संध्याकाळी मी भाकरी करत होते. वनिता उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "आये, उद्यापासून मी मावशीबरोबर जाते."

"कुठं?"

"चिकूला. टेम्पो येतो ना. वाडीवर."

"आन् शाळा?"

"नाय जायचं." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाडीत आडोशाला झाडं तर हायेत."

भाकरी तव्यावर करपली. मी उलटली नाही. मला कळत होतं, करपतेय. हात उठत नव्हता. वरोरची वाडी, भगदाड, ते पान. सगळं डोळ्यांपुढे. हिला मी कधी एक शब्द सांगितला नव्हता, आणि ही आपल्या पायानं तिकडेच निघाली होती.

सकाळी टेम्पो आला. ती गेली. मी अडवलं नाही. कशाच्या तोंडानं अडवू? शाळेत जा म्हणू, आणि तिथं जाऊन धरून बस म्हणू?

त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. घरून निघतानाच पाटीत शेण घेतलं. गेरू घेतला, भिजवलेला, लग्नाला भिंत सारवतो तसा. शाळेत प्रार्थना चालू होती. पोरं डोळे मिटून उभी. मी सरळ संडासाकडे गेले. चोरून नाही. उजेडात.

देवीपुढे उभी राहिले थोडा वेळ. मला भीती वाटत होती. हे कोणाला खोटं वाटेल, पण वाटत होती. ती काय लहान देवी आहे? मग त्या रंगवणाऱ्याचं आठवलं. ह्यात कोण नाय. बोलावलीच नाय. मी मनात म्हटलं, असलीस तर तुला इथून नेते. नसलीस तर नुसतीच भिंत सारवते. आणि हात घातला.

ऑईलपेंटवर शेण धरत नाही. घसरतं. पुन्हा लावलं. घट्ट केलं, गेरू जास्त घातला, खरबरीत चिंधीनं घासून लावलं. वरून खाली, घरच्या भिंतीला लावतात तसं. कड गेली. जाळी गेली. मधली ती शेवटी गेली. मला वाटलं होतं, रडू येईल, नाहीतर हलकं वाटेल. काहीच झालं नाही. बोटं तेवढी लाल झाली.

प्रार्थना संपली होती. मागे वळले तर सगळी शाळा उभी. सर पळत आले.

"हे काय केलंस? वेड लागलं काय? कंपनीचा पैसा आहे तो! सरकारी भिंत आहे!"

मी पाटी उचलली. म्हटलं, "पोरी जातील आता."

"तू कोण ठरवणार? खिचडी शिजवायला ठेवलीय तुला!"

"होय. चूल पेटवते." आणि चूल पेटवायला गेले.

सरांनी लगेच व्हिडिओ फोन लावला, भिंतीपुढे उभं राहून मॅडमना सगळं दाखवलं. मला चुलीपाशी ऐकू येत होतं. "अडाणी बाई आहे हो." "नाही, नाही, गावाचा विरोध नाही." "करून घेतो, परत करून घेतो."

मधल्या सुट्टीत पोरी संडासाकडे गेल्या. आधी लांब उभ्या राहिल्या. भिंत ओली होती, शेणाचा वास येत होता, लग्नघरातल्यासारखा. सहावीतली एक पुढे झाली. आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मग रांग लागली. मी भात ढवळत होते, तिकडे बघितलं नाही. आवाज ऐकत होते. कडी, पाणी, कडी.

वनिताला त्याच पोरींनी सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी टेम्पोला गेली नाही. दप्तर काढलं, वेणी घातली. माझ्याशी बोलली नाही. शाळेत आल्यावर नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्याली. मी बघत होते. गेल्या कित्येक महिन्यांत तिला शाळेत पाणी पिताना बघितलं नव्हतं.

परवा सरांनी मला ऑफिसात बोलावलं. दारातच उभी होते, पण या वेळी ते म्हणाले, "ये, आत ये, बस." खुर्ची दिली. मी ओळखलं, काहीतरी वाईट आहे.

म्हणाले, "मॅडम समजूतदार आहेत. तक्रार करणार नाहीत. फक्त एक करायचं. सोमवारी त्या येतायत. परिपाठाला सगळ्यांपुढे म्हणायचं, माझी चूक झाली, माफ करा. आणि ते शेण तूच धुवून काढायचं. मग पेंटर परत चित्र काढेल. कंपनीला रिपोर्टला फोटो लागतो, तोच लागतो. नाहीतर शाळा समिती दुसरी बाई बघेल."

मी विचारलं, "दुसरं काय काढा ना. झाड काढा. मोर काढा."

"मंजूर डिझाईन आहे ते. तुला कळणार नाही."

"मंग पोरी परत जाणार नाय."

"तो तुझा प्रश्न नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. नीट, पहिल्यांदा. इतकी वर्षं मी या माणसाच्या बुटांकडे बघून बोलत होते. म्हटलं, "सर, माझी पोरगी हाय त्यात. माझाच प्रश्न हाय."

"म्हणजे माफी मागणार नाहीस?"

"नाय."

"अगं, कामावरून जाशील. घर कसं चालवणार?"

"आधी चालत होतं तसं."

ते चिडले नाहीत. हसले. म्हणाले, "विचार कर. सोमवारपर्यंत वेळ आहे." जसं काही मी लहान पोर आहे आणि रुसलेय. मी खुर्चीवरून उठले, बाहेर आले. दारात पोरी होत्या, ऐकत होत्या. वनिता त्यात होती. तिनं विचारलं, "आये, परत काढणार?" मी म्हटलं, "काढतील."

"मंग?"

तिला काय सांगितलं ते इथं सांगते. माफी मी मागणार नाही. सगळ्यांपुढे नाही, आणि एकटीनं ऑफिसातही नाही. शेण धुणार नाही. सोमवारी मी भिंतीपुढे उभी राहणार. पोलीस बोलवा, समिती बोलवा, मॅडमना पुन्हा फोटो काढू दे, या वेळी हसणार नाही. मला ढकलून चित्र काढलं तर काढू दे. पेंट सुकेपर्यंत थांबेन. मग पुन्हा सारवेन. पुन्हा काढलं, पुन्हा सारवेन. कामावरून काढलं तर खिचडीची पळी ठेवून येईन आणि सारवेन. ही पोरगी इथून सातवी होऊन दहावीच्या वाटेला लागेपर्यंत. तिच्या मागच्या पोरीही लागेपर्यंत.

गोठ्यात दोन बैल आहेत. शेणाला तोटा नाही.